फडकं वाळेना

१

आमच्या घरात पाणी आधी फडक्यातून जातं आणि मग माणसाच्या घशातून. नळाला फिल्टर आहे, गच्चीवरच्या टाकीलाही आहे, पण माझ्या आईला, राजमतीला, यातलं काही मान्य नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की ती घागरीच्या तोंडावर पांढरं दुहेरी फडकं बांधते, पाणी गाळते आणि मग फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं धुते. त्या धुण्याला आम्ही जैन लोक जिवाणी म्हणतो. डोळ्याला न दिसणारे, फडक्यात अडकलेले जीव त्यात असतात. ते मोरीत ओतायचे नाहीत, झाडाला घालायचे नाहीत. ज्या पाण्यातले असतील त्याच पाण्यात परत सोडायचे, आणि तेही वरून ओतायचं नाही, नाहीतर जीव आपटतात. त्यासाठी आईकडं एक पितळी गडू आहे. गडूला एक दोरी, बुडाच्या कडीला दुसरी. गडू पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा आणि मग दुसरी दोरी ओढून अलगद कलता करायचा. त्यासाठी आई चौऱ्याहत्तराव्या वर्षी रोज गच्ची चढते आणि टाकीचं झाकण उघडते.

मी अभिनंदन. मी कोल्हापुरात शेतीचे पाईप विकतो. गारगोटीपासून कोडोलीपर्यंत कुणाच्या उसाला पाणी कुठून येतं हे मला ठाऊक असतं. पाणी दाबानं वर चढतं, उतारानं खाली जातं आणि सैल जोडातून गळतं. चौथं काही ते करत नाही, असं मी गिऱ्हाइकांना आजवर छाती ठोकून सांगत आलो. आता सांगत नाही.

२

पाईप कंपनीनं यंदा जास्त खप करणाऱ्या दुकानदारांना परदेशची सहल दिली. मेक्सिकोच्या बाजूला समुद्रात आठवडाभर लहान बोटीतून फिरायचं, प्रवाळ बघायचं आणि किनाऱ्यावरची माया लोकांची जुनी पडकी देवळं बघायची. दोघांचं तिकीट होतं. माझ्या बायकोला, प्राचीला, रंकाळ्यातल्या होडीतसुद्धा मळमळतं. ती म्हणाली, "आईंना न्या. आयुष्यात कुठं गेल्यात त्या?"

बाकीचे दुकानदार बायका घेऊन आलेले, मी आई घेऊन. "पावणं, हनिमूनला आईला आणलासा व्हय?" म्हणून पहिल्या दिवशी माझी यथेच्छ टिंगल झाली. दुसऱ्या दिवशी सगळे आईच्या भोवती होते. बोट लहान, चाळीसेक माणसांची. समुद्राच्याच पाण्याचं गोडं पाणी करायची. आई ते गाळायची आणि मागच्या बाजूला जाऊन गडू समुद्रात सोडायची. तिथले खलाशी आधी हसले. मग त्यातला एकजण तिच्यासाठी कठड्याची साखळी काढून उभा राहायला लागला. दिवस मावळायच्या आत तिचं जेवण व्हावं म्हणून कंपनीनं सोबत दिलेला आचारीही धावपळ करायचा.

शेवटच्या दिवशी तळाला काच असलेल्या होडीतून त्यांनी आम्हाला प्रवाळ दाखवलं. आईला वाटलं, रंगीत दगड आहेत. वाटाड्या म्हणाला, हे दगड नाहीत, बारीक बारीक जीव आहेत, लाखो, एकमेकांना धरून राहतात. मी तिला ते मराठीत सांगितलं. ती काचेवर हात टेकून बघतच राहिली. नंतर म्हणाली, "एवढं जीव एका जागी? आन् भांडत न्हाईत?" आणि लहान पोरीसारखी हसली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

त्याच दिवशी सकाळी आम्ही देवळं बघून आलो होतो. ऊन मरणाचं होतं. तिथं जवळच पांढऱ्या चुनखडीच्या जमिनीला मोठं भोक पडल्यासारखी एक विहीर होती. वरून झाडांची मुळं लोंबत होती, खाली काळंभोर पाणी. सेनोते म्हणतात तिला. आईजवळचं पाणी संपलं होतं. वाटाड्यानं गडू खाली सोडून पाणी काढून दिलं. तिनं गाळलं, प्याली, मलाही दिलं. गार आणि गोड पाणी. तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला, ओहोटी लागतेय म्हणून सगळे पळत सुटले. आईनं ओलं फडकं तसंच स्टीलच्या डब्यात घातलं, थोड्या वेळानं परत येऊ असं तिला वाटलं. मग प्रवाळ आलं, ते हसणं आलं, आणि फडकं ती विसरली.

सत्तर वर्षांत ती एकदाच विसरली, आणि ते आनंदात.

३

कोल्हापुरात आल्यावर बॅग उपसताना तिला डबा सापडला. झाकण उघडलं आणि ती मटकन खाली बसली.

"अभिनंदन, आरं मी इसरलो रं," ती म्हणाली. "तितलं जीव हितं आणलं मी."

"आई, पाणीच की ते. सोड टाकीत."

"त्येंचं घर हाय का टाकीत?"

तिनं फडकं आमच्या मागच्या मोरीत दोरीवर वाळत घातलं आणि खाली निळी प्लास्टिकची बादली ठेवली, म्हणजे गळेल ते पाणी तरी वाया जाऊ नये. चार दिवस डब्यात बंद असलेलं फडकं ओलं असणारच, त्यात मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशीही ते ओलं होतं. एप्रिलचं ऊन असं, की गच्चीवर टाकलेली चादर आंघोळ होईपर्यंत कडक व्हायची. मोरीला वरून पत्रा, तीही तापायची. शेजारी प्राचीची ओढणी होती, ती वाळली. मधोमध फडकं, तेवढं ओलं. हात लावला तर गार, आत्ताच विहिरीतून काढल्यासारखं. खालच्या टोकाला थेंब जमायचा, पडायचा, दुसरा जमायचा.

समुद्राच्या हवेतलं मीठ कापडात बसलं असणार, मीठ ओल धरून ठेवतं, असं मी प्राचीला समजावलं. ती म्हणाली, "विहिरीचं पाणी गोडं होतं म्हणालासा की."

मी म्हणालो होतो खरा.

४

मग आवाज.

मोरी आमची केवढी? दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं. थेंब बादलीत पडला की टप असं वाजून गप्प व्हायला हवं. तो गप्प होत नव्हता. टप वाजायचं, मग ते कुठंतरी लांब जायचं, कशावर तरी आपटायचं आणि बारीक होऊन परत यायचं. त्या विहिरीत मुळांवरून पाणी ठिबकत होतं ते असंच वाजत होतं.

मी पत्रा तपासला, नळ बंद केला. भिंतीतून गेलेल्या पाईपला कान लावून बसलो. पोकळ भिंत आवाज फिरवते, हे मी स्वतः लोकांना सांगतो. प्राची स्वयंपाकघरातून म्हणाली, "आहो, त्यो थेंब पडला की मला मान वर करून बघावं वाटतंय. छत लई उंच असल्यागत." आमचं छत मी स्टुलावर उभा राहिलो तर हाताला लागतं.

त्याहून वाईट म्हणजे बादली. ती काठोकाठ भरली होती. थेंब पडत होते, सारखे. आणि पाणी काठावरून सांडत नव्हतं. खालची फरशी कोरडी होती, इतकी की मुंग्यांची रांग बादलीला वळसा घालून चालली होती. मी बराच वेळ उकिडवा बसून बघितलं. पाणी कुठून येतंय हा प्रश्न मी मनातल्या मनात मिटवला होता. ते कुठं जातंय, हा मला मिटवता येईना.

५

त्याच दिवसापासून आईनं पाणी सोडलं.

आधी आमच्या लक्षात आलं नाही. ताटावर बसायची, भात चिवडायची. मग प्राचीनं सकाळी गाळून ठेवलेली घागर संध्याकाळी तशीच पाहिली.

"जीव बाहीर तडफडाय लागल्यात आन् मी पाणी पिऊ?" आई म्हणाली. "ती घरला गेल्याबिगर माझ्या घशाखाली उतरायचं न्हाय."

मी चिडलो. विनवण्या केल्या, पुन्हा चिडलो. त्या वाटाड्याला फोन लावला, तो लागला नाही. मग म्हणालो, "आई, फडकं कुरिअरनं पाठवतो. तिथं कुणीतरी सोडंल."

"जीव काय पारसलनं जात्यात व्हय रं?"

तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. ओठ फुटले, जीभ जड झाली. आमचा डॉक्टर अमरसिंह माझा शाळेपासूनचा मित्र. तो सलाईन घेऊन आला, तर तिनं हात पदराखाली लपवला. "त्ये बी पाणीच," म्हणाली. अमरसिंहनं मला बाहेर नेलं आणि दबल्या आवाजात झाडलं.

"अभ्या, शिस्तीत ऐक. आजची रात्र तिला पाण्याबिगर काढू देऊ नगंस. किडनी बसली तर मी काय बी करू शकत न्हाय."

आणि रात्रीचं ती पीतच नाही. दिवस मावळला की अन्नपाणी बंद, हे लग्नाआधीपासूनचं. म्हणजे आजचं ऊन आहे तोवर काय ते व्हायचं.

बातमी कशी फुटते कोण जाणे. दुपारी देवळातल्या चार बायका आल्या आणि हात जोडून तिच्या पायाशी बसल्या. त्यांना वाटलं, आईनं अन्नपाणी सोडून देह ठेवायचं व्रत घेतलंय. त्यांच्या डोळ्यांत भक्ती होती, आणि मला त्या भक्तीचीच धडकी भरली. आई कशीबशी कुशीवर वळली. "व्रत न्हवं हे," ती पुटपुटली. "चूक हाय. पाया पडू नगासा."

मी बाहेर आलो. मला रडायचं होतं आणि मोरीशिवाय घरात मोकळी जागा नव्हती.

६

मोरीत गेलो आणि गारवा अंगावर आला. बाहेर डांबर पातळ होईल असं ऊन, आणि आत माझ्या हातावर काटा. थेंब पडला. आवाज लांब गेला, परत आला.

मला त्या बादलीचा राग आला. अगदी माणसाचा यावा तसा. कोपऱ्यात एक इंची पाईपचा तुकडा पडून होता, माझ्यापेक्षा हातभर उंच. बादलीच्या बुडाला भोक असणार, खाली फरशीत फट असणार, पाणी तिथून जात असणार. एकदा ढोसून बघू, म्हणजे संपलं. मी पाईप पाण्यात उभा धरला आणि खाली दाबला.

बादली माझ्या गुडघ्याएवढी. पाईप गुडघ्याएवढा आत गेला. मग कमरेएवढा गेला. मी दाबत नव्हतो, तो सरळ सुरळीत उतरत होता, आणि माझे हात त्याच्याबरोबर खाली येत होते, माझी मूठ पाण्याला टेकेपर्यंत.

बादली हलवून तिच्याखाली बघायचं मला सुचलं होतं. माझी हिंमत झाली नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी पाईप वर घ्यायला लागलो आणि तो अडकला. अडकला म्हणणं बरोबर नाही. अडकलेला पाईप कसा लागतो हे माझ्या हातांना पाठ आहे. हा खालून कुणीतरी धरला होता. ओढत नव्हतं. आंधळा माणूस एखादी वस्तू बोटांनी चाचपतो तसं ते टोक चाचपत होतं, आणि ते सगळं पाईपमधून माझ्या तळव्यात कळत होतं. मग ते सोडलं. पाईप वर आला, टोकाला पांढऱ्या चुनखडीचा गाळ लागलेला. आमच्या भागात माती तांबडी, नाहीतर काळी.

भीतीनं माझे दात वाजत होते. पण त्या भीतीतच एक गोष्ट लख्ख दिसली: ही बादली नव्हतीच. हे तेच पाणी होतं.

७

देवळातल्या बायका घरी गेल्या होत्या. मी आईच्या कानाशी बसलो.

"आई, ती विहीर आपल्या मोरीत आलीया."

मला वाटलं, ती मला वेड्यात काढेल. तिनं डोळे उघडले आणि फक्त विचारलं, "दीस हाय का अजून?"

"हाय."

"उचल मला. गडू घे."

तीन दिवसांत ती पिशवीएवढी हलकी झाली होती. मी तिला मोरीच्या उंबऱ्यावर बसवलं आणि पाठीमागून धरलं. प्राची दाराशी उभी राहिली, पदर तोंडात धरून. आईनं दोरीवरचं फडकं काढलं, बादलीतल्या ओंजळभर पाण्यानं गडूत धुतलं आणि गडू पाण्यावर ठेवला.

मी सांगतो ते खरं वाटणार नाही, मलाही रोज वाटतं असं नाही. पण प्राचीनंही पाहिलं. गडू सरळ, एक थेंब न सांडता पाण्याखाली उतरला. आई दोरी सोडत गेली. एक हात, दोन हात. दोन्ही दोऱ्या त्या निळ्या बादलीत उतरत राहिल्या, बोटीच्या कठड्यावरून समुद्रापर्यंत पुरणाऱ्या दोऱ्या, आणि तिच्या मांडीवरचं वेटोळं लहान होत गेलं.

"टेकंना," आई म्हणाली. "त्येंचं घर आजून खाली हाय."

दोरी संपली. शेवटची गाठ तिच्या बोटांत होती आणि बोटांना त्राण नव्हतं. गाठ सुटताना मी पाहिली आणि विचार न करता हात घातला. कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. माझा गाल त्या पाण्याला लागला, गार पाण्याला, आणि माझा अख्खा हात गुडघ्याएवढ्या बादलीत लांब ताणलेला होता. दोरी बोटांत आली. मी कडीची दोरी ओढली. गडू कलला नाही.

मग माझ्या हाताला हात लागला.

गार होता आणि मऊ. बोटं जरा जास्त लांब वाटली. पाण्यात तसं वाटत असेल. त्यानं माझी मूठ हळूच बाजूला केली, दुसऱ्याचं मूल कडेवर घेताना आपण करतो तशी, आणि दोऱ्या माझ्याकडून घेतल्या. मी ओरडलो म्हणे. मला आठवत नाही. मला आठवतं ते थांबणं. फडकं काढलं तरी चालू असलेली टपटप पहिल्यांदाच बंद झाली होती.

नंतर माझ्या तळव्यावर गडू ठेवला गेला. रिकामा.

मी एकदाच खाली पाहिलं. फार खोल, हिरवट उजेडात, काहीतरी पाठमोरं चाललं होतं. चिमणीचं पडलेलं पिल्लू न्यावं तशी दोन्ही हातांची ओंजळ छातीशी धरून ते जपून, सावकाश खाली जात होतं. एवढंच.

पुढच्या क्षणी माझी बोटं प्लास्टिकच्या बुडावर आपटली. कोपर वाकलं, पाणी फसकन बाहेर सांडलं आणि मोरीभर पसरलं. मुंग्यांची रांग मोडली. साधी बादली, साधं पाणी, साधी मोरी, आणि पत्र्याखाली असह्य उकाडा. आईच्या मांडीवर फडकं होतं. प्राचीनं ते हातात घेतलं आणि नुसतं माझ्याकडं धरलं. पापडासारखं वाळलं होतं.

"गेली का?" आईनं विचारलं.

"गेली," मी म्हणालो. "न्यायला आलं होतं कोणीतरी. लई जपून नेलं."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. आणि मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, "दीस बघा की!"

८

प्राची गच्चीवर धावली. जिन्यात दोनदा ठेचकाळली, तिच्या चपलांचा आवाज मी ऐकत होतो. वरून ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हाय! टाकीच्या मागं हाय, पर हाय!"

मी घागर ओढली. नवं फडकं सापडेना, कपाट सगळं खाली ओतलं, सापडलं. पाणी गाळताना घाईत अर्धं माझ्या पायावर गेलं. एरवी आई रागावली असती. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर वर वर सरकत होतं, तांबडं होत होतं, आणि मी त्याला मनातल्या मनात थांब म्हणत होतो.

प्राचीनं आईचं डोकं मांडीवर घेतलं. मी तांब्या तिच्या तोंडावर धरून बारीक धार सोडली. पहिला घोट बाहेर आला. दुसरा आत गेला. तिच्या घशाची सुरकुतलेली कातडी वर गेली आणि खाली आली. मग पुन्हा. मी आयुष्यभर पाणी कुठून कुठं जातं ते बघत आलोय, पण ते असं बघितलं नव्हतं. मी रडत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

अर्धा तांब्या झाल्यावर तिनं हात वर केला. माझ्याकडं पाहिलं, माझे भिजलेले खांदे, तोंड, सगळं नीट पाहिलं.

"ऱ्हायलेलं तू पी," ती म्हणाली. "सकाळधरनं तुझ्या बी पोटात थेंब न्हाय. मला काय दिसत न्हाय व्हय?"

खरंच नव्हता. मी तांब्या तोंडाला लावला.